हावडा पूल पायी पाहायचा तर: फलाटापासून लाँचपर्यंत

मुंबई, पुणे किंवा नागपूरहून कोलकात्याला जाणारे बरेचजण हावड्याला उतरतात, टॅक्सीत बसतात आणि काही मिनिटांत पुलावरून पलीकडे पोचतात. पूल 'झाला'. मग दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला कुणाला तरी फुलबाजार आठवतो. तिथे पोचेपर्यंत चांगला माल उठलेला असतो, डोक्यावर ऊन तळपत असतं आणि पुलावर मोबाइल वर केला म्हणून पोलीस हटकतो. घरी आणलेल्या फोटोंत पुलाचं धुरकट टोक आणि बसच्या टपावरचं सामान.

यात चूक असते ती क्रमाची. इथल्या प्रत्येक गोष्टीची आपली वेळ ठरलेली आहे. फुलबाजार पहाटेचा, पुलावरून निवांत चालणं ऑफिसची गर्दी सुरू होण्याआधीचं, नदीच्या घाटावरचा चांगला उजेड सकाळचा, आणि लाँच उजाडल्यानंतरची. म्हणून क्रम असा: आधी पूल, मग फुलबाजार, मग घाट, शेवटी पाणी. सगळं मिळून तीन-चार तास धरा.

## टप्पा 1: निघण्याआधीची तयारी

तिकिटावरचं स्टेशन वाचा. मुंबईकडून येणाऱ्या सगळ्या गाड्या हावड्याला जात नाहीत. काही शालिमारला संपतात. शालिमार हावडा शहरातच आहे, पण पुलापासून लांब. 'शेवटचं स्टेशन म्हणजे हावडाच' असं समजून बसलेले लोक तिथे उतरून पूल शोधत बसतात. गीतांजली आणि नागपूरमार्गे येणारी हावडा मेल मात्र हावड्यालाच येतात.

घड्याळ बदलू नका, सवय बदला. देशभर वेळ एकच असली तरी कोलकात्यात सूर्य मुंबईपेक्षा साधारण तासभर आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. जूनमध्ये तिथे पाचच्या आधीच उजाडतं. जानेवारीत सूर्योदय सव्वासहाच्या आसपास. डिसेंबरात संध्याकाळी पाचला सूर्य गेलेला असतो. 'सकाळी लवकर जाऊ, सातला निघू' हा आपल्याकडचा हिशेब तिथे उशिराचा ठरतो. उन्हाळ्यात साडेचार-पाचला आणि थंडीत साडेपाच-सहाला स्टेशनसमोर हजर असणं हे लक्ष्य ठेवा.

गाडी दुपारी पोचत असेल तर त्या दिवशी पुलाचा नाद सोडा. मुक्कामी जा, झोपा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टॅक्सीने परत हावडा स्टेशनला या. पैसे वाया गेल्यासारखं वाटतं, पण दुपारच्या उन्हात तो पूल बघण्यात खरंच अर्थ नाही.

सामान. स्टेशनवर क्लोक रूम आहे. तिथे बॅगेला कुलूप हवंच, शिवाय प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्र मागतात. कुलूप नसेल तर बॅग घेत नाहीत, आणि पहाटे कुलूप विकत घ्यायला दुकान शोधणं हा वेगळाच उद्योग. चाकांची बॅग ओढत पुलावरून जायचा विचार करूच नका.

पायात काय घालायचं? मागे पट्टा असलेली, पकड असलेली, धुता येईल अशी सँडल. फुलबाजाराची जमीन पाकळ्या, पाणी आणि चिखल यांनी कायम ओली असते. पांढरे बूट घातलेल्या माणसाचं तिथे सगळं लक्ष खालीच राहतं.

खिशात दहा-वीसच्या नोटा ठेवा. लाँचचं भाडं अगदी किरकोळ असतं आणि पाचशेची नोट पुढे केली की खिडकीवरचा माणूस नुसता बघत राहतो.

> तपासा: गाडी हावड्याचीच आहे? बॅगेला कुलूप आहे? सूर्योदयाची वेळ कोलकात्याची बघितली आहे, मुंबईची नाही ना?

## टप्पा 2: स्टेशनातून योग्य बाजूला बाहेर पडणं

नागपूरमार्गे येणाऱ्या गाड्या सहसा नव्या इमारतीकडच्या फलाटांवर, म्हणजे 17 नंबरपासून पुढे लागतात. जुनी लाल विटांची इमारत तिच्या उत्तरेला. दोन्हींच्या समोर हुगळी नदीच आहे. त्यामुळे सूत्र सोपं: नदीकडे तोंड करून उभे राहा, पूल तुमच्या डाव्या हाताला. लाँचचा धक्का जवळजवळ समोर.

बाहेर पडताच टॅक्सीवाले घेरतील. 'पूल बंद आहे', 'पायी जाऊ देत नाहीत' असंही एखादा सांगेल. पायी जाऊ देतात. दोन्ही बाजूंना 15 फूट रुंद फुटपाथ आहेत आणि रोज अफाट संख्येने माणसं त्यावरून चालतात.

रस्ता वरून ओलांडायचा प्रयत्न करू नका, बसगाड्या अंगावर येतात. स्टेशनसमोर भुयारी मार्ग आहे. त्याला बरीच तोंडं आहेत आणि चुकीच्या तोंडातून बाहेर पडलात तर बसस्टँडच्या गर्दीत अडकता. कुणालाही 'ब्रिज' विचारा. पाट्यांवर 'रवींद्र सेतू' लिहिलेलं दिसेल; 1965 पासून अधिकृत नाव तेच आहे, पण टॅक्सीवाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळे हावडा ब्रिजच म्हणतात.

> सावधान: 'हुगळी ब्रिज' असं सांगू नका. दक्षिणेला तारांवर तोललेला विद्यासागर सेतू आहे, त्याला लोक 'सेकंड हुगली ब्रिज' म्हणतात. टॅक्सीवाला तुम्हाला तिकडे नेईल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

## टप्पा 3: पुलावरून चालणं, दक्षिणेच्या फुटपाथने

दोन फुटपाथांपैकी दक्षिणेचा घ्या, म्हणजे हावड्याकडून कोलकात्याला जाताना उजव्या हाताचा. फुलबाजारात उतरायच्या पायऱ्या त्याच बाजूला आहेत आणि घाटही तिथूनच दिसतात. उत्तरेच्या फुटपाथने गेलात तर पलीकडे पोचल्यावर वाहत्या रस्त्यापलीकडे बाजार दिसत राहतो आणि तिथे जायचं कसं ते कळत नाही.

> तपासा: चालताना तुमच्या शेजारच्या गाड्या समोरून येत आहेत? मग बाजू बरोबर. पाठीमागून येत असतील तर तुम्ही उत्तरेच्या फुटपाथवर आहात. परत फिरा.

न थांबता गेलं तर दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. पण अर्धा तास द्या, कारण हा पूल कसा उभा आहे हे त्याच्या पोटात चालतानाच कळतं. बघायचं काय, तेही क्रमाने सांगतो.

पहिला मनोरा जवळ आला की खाली बघा. तो काठालगत उभा आहे. दुसरा थेट पलीकडच्या काठाला. मध्ये 1500 फुटांत नदीच्या पात्रात एकही खांब नाही. हुगळीत गाळ इतका येतो की पात्रात खांब उभे केले असते तर त्यांच्याभोवती तो साचला असता आणि जहाजांचा मार्ग बुजला असता. म्हणून दोन्ही मनोऱ्यांवरून नदीच्या बाजूला प्रत्येकी 468 फुटांचा हात पुढे काढला आणि त्या दोन हातांच्या टोकांवर 564 फुटांचा गाळा, म्हणजे पुलाचा मधला तुकडा, टेकवला. हात आणि मधला गाळा जिथे मिळतात ती जागा शोधत चला. रस्त्यात आडवे पोलादी सांधे लागतील. डेक, म्हणजे रस्त्याचा पाट, थोडा हलू शकावा म्हणून ते ठेवले आहेत. तिथून भरलेली बस गेली की फुटपाथ थरथरतो. घाबरायचं कारण नाही, तो हलण्यासाठीच तसा बांधला आहे.

मग शेजारी बघा. तुम्ही ज्या डेकवर चालताय तो खालून कशावर टेकलेला नाही, वरच्या सांगाड्याला टांगलेला आहे. टांगणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या 39 जोड्या आहेत. शेवटी एखाद्या जोडावर नजर ठेवा आणि नट-बोल्ट शोधा. सापडणार नाही. साडेसव्वीस हजार टन पोलाद आहे, त्यातलं 23 हजार टन टाटांच्या कारखान्यातलं, आणि सगळं रिव्हेटांनी, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळ्यांनी जोडलेलं.

याच टांगत्या पट्ट्यांच्या पायथ्याशी तुम्हाला आच्छादनं दिसतील. ती शोभेची नाहीत. पान आणि गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी तिथले 6 मिलिमीटर जाडीचे पोलादी पत्रे काही वर्षांत 3 मिलिमीटरवर आले, तेव्हा पुलाची देखभाल करणाऱ्या बंदर प्रशासनाने फायबर ग्लासची आच्छादनं बसवली. त्यामुळे एक साधा नियम: कठड्याला टेकू नका, पट्ट्यांना हात लावू नका. का, ते जवळ गेल्यावर कळेल.

नेहमी होणाऱ्या चुका तीन. पहिली, पुलावर कॅमेरा काढणं. पोलीस अडवतात, फोटो पुसायला लावतात. तसंही पुलावरून पुलाचा फोटो चांगला येतच नाही, तो खालून आणि पाण्यावरून घ्यायचा. ड्रोन बॅगेतूनसुद्धा बाहेर काढू नका. दुसरी, फुटपाथच्या मधोमध थांबणं. डोक्यावर दोन-दोन मणांचं ओझं घेऊन हमाल जवळजवळ धावत येतात, त्यांना थांबता येत नाही. मागून हाळी आली की कठड्याकडे सरका, मागे वळून बघत उभे राहू नका. तिसरी, उशीर. साडेआठनंतर लोकल गाड्यांतून उतरलेली सगळी माणसं याच फुटपाथवरून कोलकात्याकडे निघतात. मग तुम्ही चालत नाही, तुम्हाला चालवलं जातं.

## टप्पा 4: पायऱ्या उतरून मल्लिक घाटाच्या फुलबाजारात

पूल संपत आला की उजवीकडे, खाली, झेंडूचे केशरी-पिवळे ढीग दिसतात. तिथेच खाली जायच्या पायऱ्या आहेत. त्या अरुंद आहेत आणि वर येणाऱ्यांच्या डोक्यावर टोपल्या असतात, तेव्हा डावी बाजू धरा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी पायऱ्यांच्या भानगडीत पडू नये. सरळ पुढे जाऊन पूल संपल्यावर स्ट्रँड रोडवरून वळून यावं, पाच-सात मिनिटं जास्त लागतात.

हा घाऊक बाजार आहे हे विसरल्यामुळेच इथे सगळ्यांचं बिनसतं. कुणी तुम्हाला एक गजरा विकायला बसलेलं नाही. माळा जुडग्यांनी विकल्या जातात, सुटी फुलं वजनावर. कालीसाठी जास्वंदीच्या लालभडक माळा, निशिगंध, कमळाच्या कळ्या, गोकर्ण, बेलाची पानं. घासाघीस चाललेल्या दोघांच्या मध्ये मोबाइल धरला तर शिव्या बसतील, आणि त्या बंगालीतच असतील असं नाही, भोजपुरीतही असतात.

आत शिरल्यावर आधी एक फेरी हात खिशात ठेवून मारा. वाट कुठून आहे, ओझी कुठून येतात, कुठे उभं राहिलं तर कुणाला अडचण होत नाही, हे पाच मिनिटांत लक्षात येतं. मग विचारून फोटो घ्या. 'दादा, छवि तुलबो?' एवढं बंगाली पुरतं, बाईंना 'दीदी'. नाही म्हणाले तर पुढे चला. खरं सांगायचं तर इथले पन्नास फोटो काढून त्यांतला एकही पुन्हा बघितला जात नाही. त्यापेक्षा हार गुंफणाऱ्या हातांकडे नीट बघा.

दुर्गापूजा, लक्ष्मीपूजा, कालीपूजेच्या आदल्या पहाटे बाजार दुप्पट भरतो. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर ते दिवस टाळा.

> तपासा: बाहेर पडताना पाकीट आणि मोबाइल पुढच्या खिशात आहेत? बरोबरची सगळी माणसं आहेत? चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवा: पुलाच्या पायऱ्यांचं खालचं टोक.

## टप्पा 5: घाट आणि फोटो

आता कॅमेरा काढा. बाजाराच्या मागेच नदी आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे, कोलकात्याच्या बाजूला असतो आणि पूल समोरून उजळतो. मल्लिक घाटावरून तो इतका जवळ असतो की साध्या मोबाइलमध्ये मावत नाही. दक्षिणेकडे थोडं चालत गेलं की दोन्ही मनोऱ्यांसकट सबंध बसतो. हाच फोटो संध्याकाळी इथूनच घ्यायला आलात तर सूर्य पुलामागे जातो आणि काळी आकृती मिळते. ती हवी असेल तर गोष्ट वेगळी. संध्याकाळी उजळलेला पूल हवा असेल तर हावड्याच्या काठावर जावं लागतं.

घाटावर माणसं अंघोळी करत असतात, कपडे धूत असतात, तर्पण करत असतात. लेन्स त्यांच्यावर रोखू नका.

पायऱ्यांबद्दल मात्र कडक इशारा. समुद्र इथून लांब असला तरी हुगळीला भरती-ओहोटी आहे. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर गाळाचा गुळगुळीत थर असतो, शेवाळापेक्षा वाईट. कोरडी दिसणारी शेवटची पायरी हीच पाय घसरायची जागा. गंगेचं पाणी (हुगळी हा गंगेचाच फाटा) डोक्याला लावायचं असेल तर कठडा किंवा साखळी असेल तिथेच, एका हाताने धरून.

> सावधान: अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, विशेषतः पावसाळ्यात, भरतीची लाट भिंतीसारखी नदीतून वर चढते. तिला इथे 'बान' म्हणतात. घाटावरचे लोक ओरडून माणसांना वर बोलावू लागले की प्रश्न न विचारता वर या.

## टप्पा 6: आर्मेनियन घाटापर्यंत

नदी उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे दहा-एक मिनिटं चाला. वाटेत जुनी गोदामं, ट्रक, हातगाड्या. फार रमण्यासारखं काही नाही. लक्ष ठेवायचं ते रेल्वे रुळांवर. चक्ररेलची, म्हणजे शहराभोवती फिरणाऱ्या लोकलची, लाइन काठालगत जाते, गाड्या कमी असल्याने लोक रुळांवर बिनधास्त बसतात, माल ठेवतात. ते बघून तुम्ही बसू नका. ते रोजचे आहेत, त्यांना गाडीची वेळ पाठ आहे.

इथे मातीच्या भांड्यातला चहा घ्या. गरम कचोरी आणि बटाट्याची भाजी सकाळी मिळते. गर्दी असलेल्या गाड्यावरच खा.

## टप्पा 7: पाण्यावरून पूल

आर्मेनियन घाटावरून हावड्याची लाँच पकडा. तिथली सेवा त्या वेळी नसेल तर आणखी थोडं दक्षिणेला फेअरली प्लेसचा धक्का आहे. तिकीट खिडकीवर घ्यायचं आणि कुठल्या धक्क्याला लाँच लागते ते तिथेच विचारायचं, कारण वेगवेगळ्या मार्गांच्या लाँच शेजारी-शेजारी लागतात.

धक्का पाण्यावर तरंगता असतो, आणि काठावरून त्यावर उतरणारी वाट भरतीला सपाट, ओहोटीला चांगलीच उतरती होते. वयस्कर माणसाला अशा वेळी हात द्या. लाँच पुरती टेकायच्या आधी उड्या मारणारे दिसतील. त्यांच्या मागे जाऊ नका.

चढल्यावर बसायच्या जागेसाठी धावू नका. हावड्याकडे जाताना उजव्या बाजूच्या कठड्याशी उभे राहा. पूल त्याच बाजूला आहे, ऊन पाठीशी आहे, आणि नदीच्या मध्यावरून सबंध सांगाडा एका नजरेत येतो. पुलावर असताना ज्या हातांची आणि टेकवलेल्या गाळ्याची गोष्ट वाचली ती इथून स्पष्ट दिसते. फेरी काही मिनिटांचीच आहे, तेव्हा कॅमेऱ्याची जुळवाजुळव धक्क्यावरच उरका.

वेळ असेल तर हावड्याच्या धक्क्यावरून आणखी एक फेरी करा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच: अहिरीटोला, शोभाबाजार, बागबाजारकडे जाणारी लाँच. ती उत्तरेकडे जाते, म्हणजे थेट पुलाच्या खालून. बाकीच्या फेऱ्या पुलाच्या दक्षिणेलाच राहतात, आणि 'हावड्याची लाँच' घेऊनही पुलाखालून न गेलेले लोक त्यामुळेच इतके भेटतात. तिकीट घेताना उतरायच्या घाटाचं नाव सांगा. या फेऱ्या कमी असतात, रविवारी त्याहून कमी.

पुलाखाली गेल्यावर मान वर करा. डेकच्या आडव्या तुळया, त्यांना वरून धरणाऱ्या पट्ट्या आणि डोक्यावर घरघरणारी वाहतूक. पुढे उजव्या काठाला निमतल्याचं स्मशान लागतं. तिथे कॅमेरा खाली ठेवा.

शोभाबाजारला उतरून परतीला शोभाबाजार-सुतानुटी मेट्रो आहे. कुमारटुलीचे मूर्तिकारांचे कारखानेही तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. पेण बघितलेल्यांनी तिथे तासभर काढायला हरकत नाही.

## वयस्करांसाठी छोटा मार्ग

आई-वडील बरोबर असतील तर पूल आणि पायऱ्या गाळा. हावडा स्टेशनलगतच मेट्रोचं स्टेशन आहे. ते फार खोल आहे, पण सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. मेट्रो नदीखालचं सुमारे 520 मीटरचं अंतर मिनिटभरात पार करते; खिडकीतून पाणी दिसेल अशी आशा मुलांना दाखवू नका, बोगद्यात फक्त निळे दिवे आहेत. पुढचं स्टेशन महाकरण. तिथे उतरून रिक्षा किंवा टॅक्सीने फेअरली प्लेसच्या धक्क्यावर या आणि लाँचने परत हावड्याला. दोन्ही वेळा नदी ओलांडून होते, एकदा खालून आणि एकदा वरून. मेट्रो पहाटे नसते आणि रविवारी उशिरा सुरू होते, त्यामुळे हा मार्ग सकाळी नऊच्या पुढे धरा.

## टप्पा 8: संध्याकाळ, हवी असल्यास

अंधार पडला की पुलावर रंगीत रोषणाई होते. ती पुलावरून दिसत नाही, काठावरून किंवा लाँचमधून दिसते. थंडीत पाचच्या आणि जूनमध्ये साडेसहाच्या सुमाराला हावड्याहून फेअरली किंवा बाबूघाटची लाँच धरा. जाताना पूल पाठीमागे राहतो, म्हणून मागच्या बाजूला उभे राहा. याच वेळी ऑफिसातून सुटलेली माणसं उलट दिशेने हावड्याकडे लोटत असतात, त्यामुळे कोलकात्याहून हावड्याला येणारी लाँच खच्चून भरलेली आणि तुमची त्या मानाने रिकामी असेल. चढायच्या आधी खिडकीवर शेवटच्या फेरीची वेळ विचारून घ्या. ती चुकली तर परतीला टॅक्सी करावी लागते, आणि रात्री पुलावरच्या कोंडीत मीटर चालू ठेवून बसणं काही स्वस्त पडत नाही.